डाउट नाही, क्वेश्चन! शब्दांच्या जोड्या आणि माझे तीन महिने

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग बसमध्ये, लोकलमध्ये, भांडी घासताना, कुठेही ऐकला तरी चालेल. फक्त शेवटी एक छोटा गृहपाठ आहे, तेवढ्यापुरता कागद-पेन जवळ ठेवा.

आज जरा माझ्याच फजितीपासून सुरुवात करतो.

मी बार्शीकडचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा इंग्लंडमधल्या एका ग्राहकाचे महिन्याचे रिपोर्ट माझ्याकडे होते. एकदा त्यांनी पाठवलेल्या तक्त्यात एक रकाना मला कळेना. आकडे कशाचे आहेत एवढंच विचारायचं होतं. कॉलवर सात-आठ जण होते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर फिगर्स.’

पलीकडे शांतता. मग तिकडच्या बाईंनी थंड आवाजात विचारलं, ‘व्हॉट एक्झॅक्टली आर यू डाउटिंग?’ मला वाटलं, नेट गेलं असेल, ऐकू आलं नसेल. म्हणून तेच वाक्य मी आणखी मोठ्याने म्हणालो!

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. ‘अरे, त्यांचं म्हणणं आहे की तू त्यांच्या आकड्यांवर संशय घेतलास. सगळ्यांसमोर.’ मी म्हटलं, ‘मॅडम, मी फक्त शंका विचारली.’ त्यांना कळलं, कारण त्याही आपल्याकडच्याच. पण ग्राहकाला कळायला उशीर झाला होता. पुढचे तीन महिने मला कॉलवर घेतलं नाही. मी मागे बसून रिपोर्ट बनवायचो आणि तो समजावून सांगायला दुसराच कोणीतरी जायचा.

आता त्या वाक्यात व्याकरणाची चूक शोधा. सापडणार नाही. काळ बरोबर, शब्दयोगी अव्यय बरोबर, स्पेलिंगचा तर प्रश्नच नाही. गडबड कुठे झाली? शाळेत, क्लासमध्ये आपण म्हणतो, ‘सर, एक डाउट आहे.’ आपल्याकडे डाउट म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे प्रश्नसुद्धा. पण इंग्लंडमधल्या माणसाला ‘डाउट अबाउट युवर फिगर्स’ म्हणजे ‘तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही’ असंच ऐकू येतं. मला म्हणायचं होतं, ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युवर फिगर्स.’ एका शब्दाच्या जागी दुसरा. बस्स.

हे प्रकरण मला नीट समजलं ते इंग्लिशमुळे नाही, मराठीमुळे. माझा रूममेट इंदूरचा. पुण्यात राहून मराठी शिकत होता, आणि मनापासून शिकत होता. एक दिवस सकाळी उठून म्हणतो, ‘काल रात्री मला एक स्वप्न आलं.’ मग डिसेंबरमध्ये म्हणायचा, ‘मला खूप थंडी लागते.’ आपल्याला कळतं ना? सगळं कळतं. पण आपण गालात हसतो. कारण मराठीत स्वप्न पडतं आणि थंडी वाजते. का वाजते? थंडी काय घंटा आहे का? पण वाजते! भूक मात्र लागते. झोप लागते आणि येतेही, पण दोन्हींचा अर्थ वेगळा. रांगोळी आपण काढतो, गुढी उभारतो. देवापुढे नारळ ‘फोडला’ म्हटलं की आजी लगेच सांगते, ‘फोडला नाही, वाढवला म्हणावं.’

यातलं काहीच आपल्याला कुणी नियम सांगून शिकवलं नाही. शब्द जोडीनेच कानावर पडले आणि जोडीनेच डोक्यात बसले.

इंग्लिशमध्ये या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. ही काही आजची इन्स्टा-रील्सवाली आयडिया नाही. हॅरल्ड पामर नावाच्या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञाने १९३३ मध्ये टोकियोतून अशा शब्दजोड्यांवर अख्खा अहवाल प्रसिद्ध केला, कारण परकी भाषा शिकणारा नेमका इथेच अडखळतो हे त्याने पाहिलं होतं. पुढे १९५७ मध्ये जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने मांडलं की शब्दाचा स्वभाव त्याच्या संगतीवरून कळतो. आपल्याकडे ढवळ्या-पवळ्याची म्हण आहेच. शब्दांनाही शेजाऱ्याचा गुण लागतो!

आता कामाचं बोलू. मराठी माणूस इंग्लिश बोलताना नाम इंग्लिश घेतो आणि क्रियापद डोक्यातल्या डोक्यात मराठीतून उचलतो. बघा हं.

आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून म्हणतो ‘गिव्ह अॅन एक्झाम’. तिकडे विद्यार्थी ‘टेक’ करतो.
आपण लक्ष ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह अटेन्शन’. जोडी आहे ‘पे अटेन्शन’.
आपण खोटं ‘बोलतो’, म्हणून ‘स्पीक अ लाय’. जोडी आहे ‘टेल अ लाय’.
आपण लाइट ‘बंद’ करतो, म्हणून ‘क्लोज द लाइट’. जोडी आहे ‘टर्न ऑफ’.
पाऊस ‘जोरात’ पडतो, म्हणून ‘स्ट्राँग रेन’. पण पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’. ट्रॅफिक पुन्हा ‘हेवी’. चहा मात्र ‘स्ट्राँग’.

आणि कधी कधी मराठी मदतीलाही येते. निष्कर्ष आपण ‘काढतो’, चित्रही ‘काढतो’. इंग्लिशमध्ये दोन्हीकडे ‘ड्रॉ’. ‘ड्रॉ अ कन्क्लुजन.’ ही जोडी मला एका फटक्यात पाठ झाली.

ऑफिससाठी थोड्या वरच्या पायरीच्या जोड्या सांगतो. डेडलाइन पाळायची असेल तर ‘मीट अ डेडलाइन’. काळजीचा मुद्दा मांडायचा असेल तर ‘रेझ अ कन्सर्न’. एकमत झालं तर ‘रीच अॅन अॅग्रीमेंट’. एखादी गोष्ट होण्याची शक्यता फारच कमी असेल तर ‘हायली अनलाइकली’. आणि पूर्ण कल्पना आहे म्हणायचं तर ‘फुली अवेअर’. ‘व्हेरी’ला जरा सुट्टी द्या, बिचारा फार थकलाय.

पण थांबा. इथे मी दुसऱ्यांदा तोंडावर पडलो होतो, तेही सांगतो. कॉलवरून काढल्यावर मी इरेला पेटलो. कुठून तरी दोनशे जोड्यांची पीडीएफ मिळवली आणि घोकायला लागलो. मग एका मेलमध्ये ग्राहकाच्या टीमचं कौतुक करायचं होतं, तर लिहिलं, ‘युवर टीम कॉज्ड धिस सक्सेस.’ मॅडमनी पाठवण्याआधी मेल वाचला आणि कपाळाला हात लावला. ‘कॉज’ हा शब्द बहुतेक वेळा वाईट गोष्टींसोबत फिरतो. कॉज डॅमेज, कॉज डिले, कॉज ट्रबल.

मराठीत ‘पायी’ शब्द आहे ना, तसंच. ‘दारूपायी घर गेलं’ म्हणतो आपण. ‘अभ्यासापायी पहिला नंबर आला’ असं म्हणून बघा. ऐकणारा विचारेल, अरे, नंबर आला की गेला? म्हणजे जोडीला नुसता अर्थ नसतो, एक वासही असतो. तो वास यादी घोकून येत नाही. पूर्ण वाक्य वाचून, ऐकून येतो.

म्हणून मी पद्धत बदलली. आजही हीच वापरतो.

एक. वहीत सुटा शब्द लिहायचा नाही. नाम मधोमध लिहायचं आणि त्याचे सोबती भोवती. उदाहरणार्थ ‘डिसिजन’. क्रियापदं: मेक, रीच, पोस्टपोन, रिव्हर्स. विशेषणं: टफ, फायनल, हेस्टी. एका नामात सात जोड्या झाल्या की नाही?

दोन. आठवड्याला पाचच नामं. आणि प्रत्येकाचं एक वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं. पुस्तकी नको. ‘आय मेड अ हेस्टी डिसिजन अँड बॉट धिस फोन.’ हे वाक्य मी विसरणं शक्य नाही, हप्ते अजून चालू आहेत!

तीन. फोनच्या रेकॉर्डरमध्ये ते वाक्य तीनदा बोलायचं. वाचून नाही, बघता. जीभ अडखळली तर समजा, जोडी अजून सुटी आहे.

चार. खात्री करायची असेल तर विद्यार्थ्यांसाठीचे इंग्लिश शब्दकोश फोनवर फुकट बघता येतात. त्यात अर्थाच्या खाली उदाहरणांची वाक्यं असतात. अर्थ वाचून परत फिरू नका, खरा माल त्या वाक्यांत आहे. फक्त जोड्यांचा म्हणून ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स शब्दकोशही आहे, २००२ पासून. लायब्ररीत मिळाला तर चाळाच.

आता एक गोष्ट मनापासून. या भागातून तुम्ही ‘माझं इंग्लिशच चुकीचं’ असं घेऊन जाऊ नका. आपण भारतात एकमेकांशी ‘डाउट’ म्हणतो, त्यात काही चूक नाही. ‘प्रीपोन’ला तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जागा आहे. उद्या मी बार्शीतल्या क्लासवर गेलो तर मुलांना ‘डाउट असेल तर विचारा’ असंच म्हणेन. समोर कोण आहे ते बघायचं, एवढंच. आजीसमोर नारळ वाढवायचा आणि चटणीसाठी घरात फोडायचा. नारळ तोच, आपणही तेच.

तीन महिन्यांनी मॅडमनी मला पुन्हा कॉलवर घेतलं. बाई त्याच. तक्त्यात पुन्हा एक रकाना कळत नव्हता. तळहाताला घाम. मी म्हणालो, ‘आय हॅव अ क्विक क्वेश्चन अबाउट कॉलम फाइव्ह.’ त्या म्हणाल्या, ‘शुअर, गो अहेड.’ आणि समजावून सांगायला लागल्या. एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी माणसाशी बोललो, डिक्शनरीशी नाही.

तर गृहपाठ. एकच नाम: ‘मिस्टेक’. त्याची तीन क्रियापदं आणि तीन विशेषणं शोधा, आणि स्वतःच्या एका खऱ्या मिस्टेकवर वाक्य करा. माझी मी सांगितली, आता तुमची पाळी.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, बोलत राहा, आणि काही डाउट असेल तर बिनधास्त विचारा!