साध्या डब्यातून गोंदियापर्यंत



लेकीकडे जाण्यासाठी मी दरवर्षी कोल्हापूरहून गोंदियाला महाराष्ट्र एक्स्प्रेसने जाते. साडेतेराशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. एक अख्खी रात्र गाडीतच जाते. आरक्षण मिळाले नाही तर साधा डबा. तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला म्हणे. नाव गेले, गर्दी राहिली!

गर्दीत माणुसकी नसते असे मात्र नाही. दौंड सुटले की चौघींच्या बाकावर सातजणी मावतात, कुणाचे मूल कुणाच्या मांडीवर झोपते, दशम्या नि शेंगदाण्याची चटणी डबाभर फिरते.

खुपते ते एवढेच, की बायका पाणी पीत नाहीत. संडासापर्यंत जायचे तर निजलेली माणसे ओलांडायची. म्हणून तहान मारून बसतात. अंगावर पाजणाऱ्यासुद्धा!

१९८९ च्या रेल्वे कायद्याचे ५८ वे कलम बायकांसाठी जागा राखायला सांगते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपर वर्गात सहा बर्थ बायकांचे असतात. एकट्या किंवा बायकाबायकाच निघालात, तर तिकीट काढतानाच 'लेडीज कोटा' मागा.

आणि साध्या डब्यात बसलात तर? गेल्या खेपेस भुसावळपुढे मी मोठ्याने म्हटले, "दादा, उठा जरा, बाईमाणसाला वाट द्या." सगळी वाट मोकळी झाली. माझ्या मागोमाग आणखी चौघीजणी उठल्या.