रोजच्या चार ओळी

अठराव्या शतकाच्या अखेरीस निजाम अलीखानाच्या दरबारी गोविंदराव कृष्ण काळे हे पेशव्यांचे वकील होते. दरबाराची हालहवाल नाना फडणीसांस लिहून कळविणे हे त्यांचे एक मुख्य काम. महादजी शिंदे यांच्या पराक्रमाचा गौरव करणारे त्यांचे १७९३ सालचे पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. पुढे चौथाई-सरदेशमुखीच्या थकबाकीवरून निजामाचे दिवाण मुशीर-उल्-मुल्क यांच्याशी बोलणे विकोपास गेले आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याची लढाई झाली.

परंतु वकिलाच्या आयुष्यात असे प्रसंग मोजकेच. एरवी लिहावयाचे ते साधेच : भेटीस कोण आले, वस्त्रे कोणास मिळाली, स्वारी कोठे गेली. हीच गोष्ट उलट दिशेनेही चाले. पुण्याच्या बातम्या निजामाकडे अखबारांच्या रूपाने येत. ते अखबार १९५० नंतरच्या दशकात हैदराबादच्या दप्तरखान्याने छापले. त्यांतील किरकोळ नोंदींतूनच आज त्या काळचे पुणे डोळ्यांसमोर उभे राहते. कोणती ओळ महत्त्वाची ठरेल हे लिहिणाऱ्यास त्या दिवशी ठाऊक नसते. म्हणूनच लेखन रोजचे असावे लागते.

वकिलापुढे पत्र घेऊन जाणारा जासूद उभा असे. सामान्य माणसाच्या दाराशी असा जासूद नसतो; आणि सवय मोडते ती येथेच. पाँडिचेरीचे दुभाषी आनंदरंग पिळ्ळे यांना कोणी हुकूम केला नव्हता. तरीही १७३६ पासून १७६१ पर्यंत त्यांनी तमिळ भाषेत आपली रोजनिशी लिहिली. आज उपलब्ध असलेल्या त्या रोजनिशीत मधूनमधून खंड आहेत. पण खंडामुळे तिचे मोल उणे झालेले नाही. एक दिवस चुकला म्हणून वही मिटून ठेवणे, हा चुकण्याहून मोठा दोष होय.

नेम टिकतो तो उत्साहावर नव्हे, मर्यादेवर. रोज चार पाने लिहिण्याचा संकल्प आठवड्यात विरतो. चार ओळींचा वर्षभर चालतो. वेळ ठरलेली असावी, वही हाताशी असावी, आणि लिहिण्याजोगे काही घडले नाही तर तेवढेच लिहावे. जमाखर्चाची रोजकीर्द लिहिणारा कारकून स्फूर्तीची वाट पाहत नसे.

हैदराबादच्या मराठी घरांना या नेमाची विशेष गरज आहे. विवेकवर्धिनीसारख्या शाळांनी आणि मराठी ग्रंथसंग्रहालयाने येथे मराठी अक्षर जपले. पण घरातील बोलणे कोणतीही संस्था जपू शकत नाही. उर्दू-तेलुगूच्या सहवासात घडलेली आजीची मराठी, सणावारांचे बेत, गल्ल्यांची जुनी नावे, यांची नोंद दप्तरखान्यात मिळणार नाही. नातवंडे इंग्रजीत शिकतात. पत्रे लिहिणे थांबले. दूरध्वनीवरील गोष्टी हवेत विरतात. ते शब्द बोलणारे माणूस गेले की शब्दही जातात.

अशा घरात रात्री कोणी एकाने चार ओळी लिहिल्या, तर त्याला आपण इतिहास लिहितो असे वाटण्याचे कारण नाही. गोविंदरावांच्या काळच्या अखबारनविसांनाही तसे वाटले नसेल. त्यांनी केवळ त्या दिवसाची खबर त्या दिवशी लिहिली.