बिनतारी सेवेची कसोटी गावातच व्हावी



बुलडाणा जिल्ह्याची भूमी एकसारखी नाही. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके, त्याखाली पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन आणि पुढे घाट चढून अजिंठ्याच्या रांगांवर वसलेले बुलडाणा शहर. डोंगर आडवा आला की मोबाइलच्या लहरी क्षीण होतात. त्यामुळे मलकापूरकडील सपाटीवर एक मनोरा जेवढा टापू सांभाळतो, तेवढा राजूर घाटाच्या वळणांवर सांभाळू शकत नाही.

या सेवेचे मोजमाप होते. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, मोजणीयंत्रे बसविलेली वाहने रस्त्यांवरून फिरवून चाचण्या घेते. मध्येच तुटणाऱ्या संभाषणांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत असावे, असा दंडक आहे. परंतु महाराष्ट्र (मुंबई वगळून) आणि गोवा मिळून एकच सेवाक्षेत्र धरले जाते. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाच्या सरासरीत सातपुड्याकडचे एखादे गाव सहज हरवते! प्रत्येक कंपनीने आपल्या व्याप्तीचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा, असे २०२४ च्या नियमांनी ठरविले आहे. तो नकाशा आपल्या गावापुरता पडताळून पाहणे हे काम गावकऱ्यांनाच उत्तम साधेल.

येथे एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. फोनवर पट्ट्या भरलेल्या दिसल्या म्हणजे सेवा चांगली, असे नव्हे. आठवडी बाजाराच्या दिवशी शेकडो फोन एकाच मनोऱ्यावर येतात; पट्ट्या पूर्ण असतात, पण रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा लागत नाही आणि म्हातारी माणसे ताटकळतात. हा दोष क्षमतेचा आहे, लहरींच्या जोराचा नव्हे. दोहोंचे उपाय भिन्न आहेत. लहरींचा जोर फोनच्या सेटिंगमध्ये उणे आकड्यांत पाहता येतो. उणे ८० आणि उणे ११० हे आकडे जवळचे वाटले, तरी त्यांत हजारपटीचा फरक आहे. जोर कमी असेल तर ॲन्टेनाची दिशा वा कल बदलणे, नाहीतर नवा मनोरा; गर्दी असेल तर क्षमता वाढविणे किंवा मनोऱ्यापर्यंत फायबर नेणे.

तिसरे कारण विजेचे. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. अशा वेळी वीज गेली आणि मनोऱ्याची बॅटरी संपली, की इशारा देणारा फोनही मुका होतो. म्हणून वीज गेल्यानंतर सेवा किती वेळ टिकते, याचीही नोंद असावी.

ग्रामपंचायतीने यासाठी एक वही ठेवावी. शाळा, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र आणि दूरची वस्ती येथे ठरलेल्या वेळी, दाराबाहेर आणि घरात, तारखेसह नोंद करावी. दुरुस्तीनंतर त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजावे. एरवी सुधारणा झाली की नाही हे कळणार कसे? ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडून नोंद क्रमांक घ्यावा. तेथे निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज करावा आणि वहीतील नोंदींची प्रत सोबत जोडावी.