वाद्यवृंदापुढे उभी राहिलेली स्त्री
(महोत्सवाच्या संगीतसंध्येस गायनमंडळाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी गायनमंडळानेही चार शब्द बोलावेत, अशी समितीची आज्ञा झाली. आम्ही गाणारी माणसे. बोलण्याचा सराव आम्हांस नाही. तथापि आज्ञा शिरसावंद्य मानून आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

महोत्सवाच्या तयारीसाठी आम्ही मंडळाच्या जुन्या वह्या चाळल्या. त्यांत आजवरच्या गायनप्रमुखांची यादी आहे व तीत एकाही स्त्रीचे नाव नाही. परंतु आमच्यांतील वडीलधारी मंडळी सांगतात की, कित्येक वर्षे नाताळच्या आणि पवित्र आठवड्याच्या गीतांच्या तालमी एक बाईच घेत असत. ऑर्गन त्या वाजवीत, स्वर त्या सुधारीत, चुकणाऱ्यास दटावीतही त्याच. वहीत मात्र प्रमुख म्हणून दुसऱ्याच कोणाचे नाव. हा अमुकाचा दोष, असे आम्ही म्हणत नाही. पण ही गोष्ट मनाला लागून राहिली आणि तिच्यामुळेच आजचा विषय सुचला. नादिया बुलांजे या फ्रेंच विदुषीची हकीकत आम्ही आपणांस सांगणार आहोत.

प्रथम वाद्यवृंदाचा संचालक म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. इंग्रजीत त्यास कंडक्टर म्हणतात; परंतु आपल्याकडे कंडक्टर म्हटले की तिकिटे फाडणारे गृहस्थ डोळ्यांपुढे येतात! हा कंडक्टर निराळा. युरोपीय वाद्यवृंदात ऐंशी-नव्वद वादक असतात. प्रत्येकापुढे केवळ आपापल्या वाद्याचे स्वर लिहिलेला कागद असतो. सर्वांचे सर्व स्वर एकाखाली एक लिहिलेला ग्रंथ फक्त संचालकापुढे असतो. लय किती ठेवावी, कोणी केव्हा आरंभ करावा, कोणाचा आवाज कोणाखाली दबतो आहे, हे सारे त्याने तालमीत ठरवावयाचे आणि प्रयोगाच्या वेळी हातांच्या व डोळ्यांच्या खुणेने घडवून आणावयाचे. तो स्वतः एकही स्वर वाजवीत नाही. पण स्वर चुकला तर उत्तर त्यास द्यावे लागते.

या विद्येची एक अडचण आहे. व्हायोलिन शिकणारी मुलगी घरी दार लावून चार तास सराव करू शकते. संचालकाचे वाद्य म्हणजे जिवंत माणसांचा समुदाय. तो समुदाय कोणी हाती दिला तरच सराव होतो, आणि सराव असल्याखेरीज कोणी तो हाती देत नाही. पुरुषांसाठीही हे दार अरुंद होते. स्त्रियांसाठी ते बहुधा बंदच होते. नादियाबाईंचे जीवित समजण्यास ही अडचण ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

त्यांचा जन्म पॅरिस येथे १६ सप्टेंबर १८८७ रोजी झाला. वडील एर्नेस्त बुलांजे हे संगीतकार. कन्येच्या जन्मदिवशीच त्यांस बहात्तर वर्षे पूर्ण झाली होती. आई रशियन. धाकटी बहीण लिली १८९३ साली जन्मली. १९०० मध्ये वडील वारले. नादिया तेव्हा बारा वर्षांची होती. ती पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयात शिकत होती आणि सोळाव्या वर्षी, १९०४ साली, ऑर्गन, साथसंगत व फ्यूग या तिन्ही विषयांत तिने पहिली पारितोषिके मिळविली. लगेच शिकवण्या धरून तिने संसाराला हातभार लावला. पुढे मादलेन या विख्यात चर्चमध्ये साहाय्यक ऑर्गनवादक म्हणूनही त्यांनी सेवा केली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास हवी. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतासंबंधी आज्ञापत्र काढले. गायकवृंदाचे काम हे उपासनेतील पद आहे, सबब स्त्रियांस त्या वृंदात घेऊ नये, उंच स्वर हवे असल्यास मुलगे घ्यावेत, असा नियम त्यात होता. तो दिवस सेंट सिसिलियाचा, म्हणजे संगीताच्या आश्रयदात्या संतिणीचा सण होता! पुढे २५ डिसेंबर १९५५ च्या परिपत्रकात पोप बारावे पायस यांनी, जेथे मुलांचा वृंद मिळणे शक्य नाही तेथे वेदीच्या आवाराबाहेर राहून स्त्रियांनीही वृंदात गावे, अशी मोकळीक दिली. आज आमच्या मंडळात निम्म्याहून अधिक भगिनी आहेत; त्यांनी हे दोन दिवस स्मरणात ठेवावेत. नादियाबाई आयुष्यभर नेमाने मिस्सेला जाणाऱ्या, श्रद्धाळू कॅथलिक होत्या. काळाने घातलेले कुंपण त्यांना चर्चमध्येही होते आणि रंगमंदिरातही.

१९०८ साली त्या ‘रोमचे पारितोषिक’ या फ्रान्समधील थोर स्पर्धेस बसल्या. दिलेल्या विषयावर मनुष्यकंठासाठी फ्यूग रचावयाचा होता. त्यांनी तो तंतुवाद्यांसाठी रचला, कारण तो विषय वाद्यांसच शोभतो असे त्यांस वाटले. परीक्षकांपैकी सँ-साँस या वृद्ध संगीतकारांस हे मुळीच रुचले नाही व वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला. अखेर त्यांस दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले. पाच वर्षांनी, १९१३ मध्ये, याच स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळविणारी पहिली स्त्री ठरली ती त्यांचीच धाकटी बहीण लिली. थोरलीस जे मिळाले नाही ते धाकटीस मिळाले. त्या दोघींच्या प्रेमात त्यामुळे तसूभरही अंतर पडले नाही.

वाद्यवृंदापुढे नादियाबाई प्रथम उभ्या राहिल्या त्या १९१२ साली. प्रसिद्ध पियानोवादक राउल प्युनो हे त्यांचे पाठीराखे होते. त्या प्रयोगात ते स्वतः पियानोस बसले. आरंभ उत्तम झाला. परंतु जानेवारी १९१४ मध्ये दोघे रशियाच्या दौऱ्यावर असता प्युनो मॉस्को येथे निवर्तले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. दोघी बहिणींनी रणांगणावर गेलेल्या संगीतविद्यार्थ्यांस पत्रे, बातम्या व मदत पोहोचविण्याचे काम अंगावर घेतले. लिलीची प्रकृती लहानपणापासून नाजूक. ती दिवसेंदिवस खालावत चालली. मृत्युशय्येवर तिने ‘पिये येसू’ ही मृतांसाठीची प्रार्थना स्वरबद्ध केली. लेखणी धरण्याचे त्राण नव्हते, म्हणून ती एकेक स्वर सांगे आणि नादिया तो लिहून घेई. १५ मार्च १९१८ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लिली देवाघरी गेली.

पुढे काही वर्षांतच नादियाबाईंनी स्वतः संगीतरचना करणे कायमचे सोडले. आपली रचना निरुपयोगी आहे, असा कठोर निवाडा त्यांनी स्वतःच दिला. तो योग्य होता की नाही, यावर जाणते लोक आजही वाद घालतात. एवढे खरे की, ज्या हातांनी बहिणीचे शेवटचे स्वर टिपून घेतले, ते हात त्यानंतर इतरांच्या स्वरांच्या सेवेस लागले. १९२१ साली फाँतेनब्लो येथे अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी संगीतशाळा निघाली. तेथे व पॅरिसमधील बालू रस्त्यावरील आपल्या घरी त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ शिकविले. एरन कोपलंड, वॉल्टर पिस्टन, आस्तोर पियाझोला, क्विन्सी जोन्स, फिलिप ग्लास हे सारे त्यांचे शिष्य. यांतील कोणाचेही संगीत दुसऱ्यासारखे नाही, हेच गुरूचे यश होय.

ज्या मंचावरून दैवाने त्यांस खाली आणले, त्यावर त्या पुन्हा भक्कमपणे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची चाळिशी कधीच उलटली होती. नोव्हेंबर १९३७ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मॉनिक सोसायटीच्या संपूर्ण कार्यक्रमाचे संचालन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्या दिवशी त्यांनी फोरे यांचे ‘रेक्वियम’ सादर केले. त्याच साली, तीनशे वर्षांपूर्वीच्या माँतेवेर्दींची विस्मृतीत गेलेली गीते त्यांनी ध्वनिमुद्रिकांवर आणून जगास पुन्हा ऐकविली. १९३८ मध्ये बोस्टनच्या वाद्यवृंदाने त्यांस पाचारण केले. तेथेही असा मान मिळविणारी स्त्री पूर्वी झाली नव्हती. वार्ताहरांनी त्याविषयी छेडले असता त्या उत्तरल्या की, स्त्री असण्यास आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली, पहिले आश्चर्य केव्हाच ओसरले! त्याच वर्षी ८ मे रोजी, स्ट्राविन्स्की आजारी असल्यामुळे, त्यांच्या ‘डम्बार्टन ओक्स’ या नव्या रचनेचा पहिला प्रयोग वॉशिंग्टन येथे नादियाबाईंनी केला. १९३९ मध्ये न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील वाद्यवृंद त्यांच्या हाताखाली वाजले.

आणि पुन्हा युद्ध आले. १९४० च्या अखेरीस त्या अमेरिकेस गेल्या व १९४६ च्या आरंभी मायदेशी परतल्या. विचार करा, बंधुभगिनींनो : पहिला प्रयोग पंचविशीच्या आत, आणि थोर वाद्यवृंदांची आमंत्रणे पन्नाशीत! मधली पंचवीस वर्षे संचालकाच्या ऐन उमेदीची असतात. त्यांचा हिशेब कोणी द्यावयाचा? नादियाबाईंनी तो कोणाकडे मागितला नाही. त्या शिकवीत राहिल्या. १९५६ मध्ये मोनाकोच्या राजपुत्राच्या विवाहप्रसंगी चर्चमधील संगीताची व्यवस्था त्यांच्याकडे होती. १९६२ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचे पुन्हा संचालन केले आणि त्यात लिलीची रचना आवर्जून घेतली. दर वर्षी मार्च महिन्यात बहिणीच्या स्मरणार्थ मिस्सा करविण्याचा नेम त्यांनी चुकविला नाही. उतारवयात दृष्टी जवळजवळ गेली, तरी शिष्यांचे स्वर कानांनी तपासणे चालूच होते. २२ ऑक्टोबर १९७९ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी पॅरिस येथे देह ठेवला.

त्यांनी उघडलेले दार त्यांच्यामागे लगेच सताड उघडे झाले, असे मात्र नाही. व्हिएन्नाच्या जगविख्यात वाद्यवृंदाने स्त्रीस सभासद करून घेतले ते १९९७ साली! अमेरिकेतील एका मोठ्या वाद्यवृंदाचे प्रमुखपद स्त्रीकडे प्रथम आले ते २००७ मध्ये, बाल्टिमोर येथे, मॅरिन ऑल्सप यांच्या रूपाने. म्हणजे बोस्टनच्या त्या प्रयोगानंतर एकोणसत्तर वर्षांनी. पाहुणी म्हणून एक दिवस मान देणे सोपे असते. घरची किल्ली देणे कठीण असते.

आता आम्ही आमच्या घरी परततो. महोत्सवानंतर गायनमंडळास नवा प्रमुख निवडावयाचा आहे. आमच्यांतील एका तरुण भगिनीने संगीताचे रीतसर शिक्षण घेतले आहे, आणि तिचे नाव पुढे आले आहे. वडीलमंडळींपैकी काहींचे म्हणणे असे की, तिने तालमी घ्याव्यात, परंतु सणाच्या दिवशी पुढे पुरुषाने उभे राहावे. त्यांचा हेतू वाईट आहे असे आम्ही मुळीच समजत नाही. जुन्या वहीची सवय आहे, एवढेच. आमची नम्र विनंती इतकीच आहे की, जिच्याकडून तालीम घ्यावी तिलाच उत्सवाच्या दिवशीही पुढे उभे करावे, आणि वहीतही तिचेच नाव लिहावे. ती चुकली तर अवश्य दटावावे; पुरुष चुकला तर जितके दटावतो तितकेच.

आणि ज्या बाईंनी कित्येक वर्षे आम्हांस स्वर दिला, त्यांचे नाव वडीलधाऱ्यांस विचारून, खात्री करून, जुन्या यादीत योग्य जागी लिहिण्याचे गायनमंडळाने ठरविले आहे. उशीर झाला खरा. पण न लिहिण्यापेक्षा उशिरा लिहिणे बरे. परमेश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो, आणि आमचे स्वर शुद्ध राखो, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.