भित्रे मूल आणि वाढता मेंदू



सहावी-सातवीच्या वर्गात एखादे मूल अभ्यासात चोख असते. पण फळ्याजवळ बोलावताच त्याचा आवाज बसतो, हात गारठतात. परीक्षेच्या सकाळी त्याच्या पोटात दुखते. आपण त्यास हट्टी अथवा ढोंगी समजतो. ही समजूत तपासून पाहावी, असे आजचे मेंदूविज्ञान सांगते.

मेंदूचा जो भाग कामास लागतो तेथे रक्ताचा पुरवठा वाढतो. रक्तातील प्राणवायूचा हा फरक चुंबकीय यंत्राने टिपता येतो, हे सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखविले. त्यामुळे क्ष-किरणांवाचून मेंदूचे कार्य चित्ररूपाने पाहता येऊ लागले.

मेंदूच्या अंतर्भागात अमिग्डाला नावाचे बदामाच्या आकाराचे केंद्र आहे. धोक्याची चाहूल घेण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्यास आवर घालण्याचे काम कपाळामागील भाग करतो. परंतु त्याची घडण विशीनंतरही काही वर्षे चालूच राहते. म्हणजे कुमारवयात घोडा उधळतो, आणि लगाम मात्र अजून वळला जात असतो. चिंताग्रस्त मुलांना भ्यालेल्या चेहऱ्यांची चित्रे दाखविली असता त्यांचे हे केंद्र इतर मुलांपेक्षा अधिक उद्दीपित होते, असे २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

येथे एक सावधगिरी बाळगावी. हे निष्कर्ष अनेक मुलांच्या सरासरीवरून काढलेले आहेत. एकाच मुलाचे चित्र पाहून त्याच्या चिंतेचे निदान करता येत नाही. ते मूल प्रथम ओळखावयाचे ते आपल्याच डोळ्यांनी.

मग करावे काय? अशा मुलास सर्वांसमक्ष खडसावू नये. रागावलेला चेहरा त्याच्या भीतीत भरच घालतो. परंतु त्यास कायमची सूटही देऊ नये, कारण टाळल्याने भीती मुरत जाते. आरंभी त्याने आपल्याजवळ बसून चार ओळी वाचाव्यात, मग दोन सोबत्यांसमोर, पुढे जागेवरूनच वर्गासमोर, आणि शेवटी फळ्याजवळ उभे राहून. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरते, हा अनुभव त्यास येऊ द्यावा.

भीतीपायी मूल शाळाच टाळू लागले, त्याची झोप व जेवण तुटले, तर पालकांना विश्वासात घेऊन वैद्यकीय सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मोठे यंत्र आपल्या गावी नाही, याची खंत नको. भ्यालेल्या मुलासमोर आपला चेहरा शांत ठेवणे, हे प्रत्येक शाळेत आजच शक्य आहे.