आराखड्यावर पहारा कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शहराच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा मंजूर झाला की सत्ताधारी त्याचा गाजावाजा करतात, विरोधक त्यावर टीका करतात, आणि मग दोघांचेही लक्ष उडते. वस्तुतः आराखड्याचे भवितव्य मंजुरीच्या दिवशी ठरत नाही. ते पुढच्या दहा-वीस वर्षांत, कचेऱ्यांतील फायलींत ठरते. मुंबईच्या गिरणगावाइतका याचा ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. शहराच्या मध्यभागी असलेल्या त्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीचे करायचे काय, हा प्रश्न मग उभा राहिला.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने त्याचे उत्तर दिले. मोकळ्या जमिनीचे आणि बांधकामे पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे ठोकळमानाने तीन भाग करावयाचे होते. एक भाग महापालिकेला बागा-मैदानांसाठी, दुसरा म्हाडाला घरांसाठी आणि तिसरा मालकाला. ही क्रांती नव्हती. पण ज्यांच्या घामावर हे शहर उभे राहिले त्यांचा त्याच्या जमिनीवर काही हक्क आहे, एवढी कबुली तीत होती. 1996 साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करण्याचा मार्गही दाखविला. तो अहवाल बाजूला पडला.

2001 साली शासनाने नियम रद्द केला नाही; वाटणीला येणारी जमीन कोणती, एवढीच व्याख्या बदलली. आधीपासून मोकळी असलेली जमीनच वाटायची, बांधकाम पाडून मोकळी होणारी नाही! गिरणीच्या आवारात शेड, गोदामे आणि कचेऱ्या यांनीच बरीच जागा व्यापलेली असते. त्यामुळे तीन भागांचे सूत्र कागदावर तसेच राहिले आणि जनतेचा वाटा मात्र आक्रसला. 2005 साली उच्च न्यायालयाने हा अर्थ अमान्य केला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला.

मग देखरेख नव्हती काय? होती. निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समितीची तरतूद नियमातच होती. तीत शासन, महापालिका, गिरणीमालक आणि मान्यताप्राप्त कामगार संघटना यांचे प्रतिनिधी होते. पण ही मान्यता ज्या 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यातून आली होती, तोच रद्द करा अशी 1982 च्या संपकऱ्यांची मागणी होती. ज्या संघटनेवर बहुसंख्य कामगारांनी अविश्वास दाखविला, तीच त्यांच्या वतीने पहाऱ्याला बसली. चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला तर तेथे जागाच नव्हती. ज्याला तोट्याची झळ लागत नाही, त्याचा पहारा जागता कसा राहणार?

याचे फळ समोर आहे. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत 2012 साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी निघाली. घरे होती 6,925 आणि अर्ज सुमारे दीड लाख. 2020 च्या सोडतीत आणखी 3,894 घरे आली. 2024 साली शासनाने शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखविला. जुलै 2025 मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते ‘घर मुंबईतच हवे’ हे सांगण्यासाठी. अनेकांच्या वतीने आता मुलेच बोलत होती.

यातून घ्यावयाचा धडा केवळ गिरणगावापुरता नाही. पुनर्विकासाची योजना चाळींची असो वा झोपडपट्टीची, तिच्याबाबत तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली, कोणती जमीन, किती घरे, कोणत्या वर्षी आणि जबाबदार अधिकारी कोण, याचा तक्ता वस्तीत जाहीर लागला पाहिजे. दुसरी, देखरेख समितीत रहिवाशांनी गुप्त मतदानाने निवडलेले प्रतिनिधी हवेत आणि त्यांना कागदपत्रे पाहण्याचा अधिकार हवा. तिसरी, नियमातील प्रत्येक दुरुस्ती सोप्या मराठीत वस्तीसभेपुढे आली पाहिजे. 2001 ची दुरुस्ती चाळीचाळीत वाचून दाखविली असती, तर ती इतक्या निमूटपणे पचली नसती.

आणि दोष केवळ शासनाचा नाही. मोर्चा काढणे चळवळीला जमते. मोर्चानंतर दर महिन्याला नोंदवही घेऊन कचेरीत जाणे जमत नाही. मालकाचा वकील मात्र तेथे रोज बसलेला असतो. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका योजनेची नोंदवही आजच उघडावी. घोषणेइतकीच चिकाटी त्या वहीत दिसली, तरच पुढच्या पिढीला वारसाहक्काने नुसता अर्ज मिळण्याची पाळी येणार नाही.