बीदरची पोथी, बीदरचे वाचक



सध्या लोक काय वाचतात आणि वाचलेल्याविषयी त्यांना काय वाटते, यावर बोलायचे ठरले, तेव्हा मैलूरमधल्या ओळखीच्या घरांत मी विचारायला सुरुवात केली. पहिले उत्तर जवळपास सगळीकडे सारखे: “आता कुठं वाचणं व्हायलंय?” पण चहा होईपर्यंत बसले की त्याच घरातून कळायचे, दत्तजयंतीच्या आधी सात दिवस गुरुचरित्राचे पारायण झाले. शेजारच्या लिंगायत घरी मन्मथस्वामींचे ‘परमरहस्य’ लावले होते. पलीकडच्या बौद्ध वस्तीत वर्षावासात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचला जातो. म्हणजे वाचणे चालू आहे, फक्त वाचणाऱ्यांच्या लेखी ते वाचनात मोजले जात नाही. मला हे मान्य नाही. आपल्या सीमाभागात मराठी वाचन शोधायचे तर आधी देवघरात आणि विहारात जावे लागते, आणि तिथे जे वाचले जाते त्याविषयी माणसांना पुष्कळ काही म्हणायचे असते. कुणी विचारत नाही, म्हणून ते मनातच राहते.

मैलूर हे बीदर शहराला लागलेले. घरात मराठी, बाजारात दखनी आणि कन्नड, मुलांच्या दप्तरात कन्नड नाहीतर इंग्रजी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले; जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके महाराष्ट्राच्या बाजूला गेले, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, कल्याण इकडे राहिले. आजीचे माहेर उदगीरला, सासर बीदरला, अशी घरे इथे गल्लीगल्लीत आहेत. माहेरहून आलेल्या सामानात बहुतेक वेळा एक पोथी असायची, आणि ती पोथी बहुधा गुरुचरित्राची.

हे पुस्तक तर सगळ्या अर्थांनी इथले आहे. त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर हे कडगंचीचे मानले जातात. कडगंची म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातले गाव. त्यांच्या घरची भाषा कन्नड होती. मराठी आपल्याला नीट येत नाही, पण गुरूच्या आज्ञेने लिहितो आहे, हे त्यांनी पोथीच्या आरंभीच सांगून टाकले आहे. साडेचारशेहून अधिक वर्षे ज्या पोथीने लाखो मराठी घरांत सकाळी आवाज लावला, ती एका कन्नड माणसाने लिहिली. आज त्याच कडगंचीला कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे, २००९ साली स्थापन झालेले. देशभरातली मुले तिथे शिकायला येतात. आपण कुठल्या गावात शिकतो आहोत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

पोथीतला मोठा भाग घडतो तोही गाणगापुरात, भीमा आणि अमरजेच्या संगमावर. तिथला एक शेतकरी आहे. पोथीतले गुरू नृसिंह सरस्वती संगमावर जाताना रोज त्यांना नमस्कार करणारा. गुरू त्याला सांगतात, मी परत येईपर्यंत शेतातले पीक कापून ठेव. पीक ज्वारीचे, अजून हिरवे, दाणा भरायचा बाकी. बायकापोरे आडवी येतात, गावचा अधिकारी समजावतो, पण हा शब्द मोडत नाही. पुढे अवेळी थंडीवारे आणि पाऊस येऊन शिवारातली बाकीची पिके जातात, आणि याच्या कापलेल्या धाटांना नव्याने फुटवे येऊन रास कित्येक पटींनी वाढते. ही कथा मी आपल्याकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याकडून ऐकली. ते म्हणाले, “कापलेल्या ज्वारीला फुटवा येतो, हे आम्हाला कळतं. पण उभं हिरवं पीक कापायला छाती लागते. मला त्या माणसाची छाती आवडते.” चमत्काराबद्दल ते बोललेच नाहीत. आज त्यांच्या रानात सोयाबीन आणि तूर आहे, ज्वारी घरापुरती. अवकाळी पावसाचे भय मात्र तेच आहे, आणि म्हणून दरवर्षी ती ओवी आली की ते सरसावून बसतात. या मतापुढे कुठल्याही परीक्षणाची मला किंमत वाटत नाही.

आणि आता बीदर. पंचविसाव्या अध्यायापासून पुढे एक प्रसंग येतो. पोथीत आपल्या शहराला विदुरानगर म्हटले आहे. तिथल्या बादशहाच्या दरबारात वेद म्हणून दाखवणारे दोन पंडित गावोगाव फिरतात. आमच्याशी वाद करा, नाहीतर हरल्याचे लिहून द्या, अशी त्यांची मागणी. गाणगापुरात त्यांची गाठ पडते ती ज्याला कुणी पंगतीला बसवत नाही अशा माणसाशी, आणि त्याच्याच तोंडून वेद ऐकून त्यांचा ताठा उतरतो. दुसरा प्रसंग शेवटाकडे, पन्नासाव्या अध्यायात. बीदरच्या बादशहाच्या मांडीला फोड होतो, उपचार थकतात. त्याला पापविनाशी तीर्थावर जायला सांगितले जाते. इथली माणसे आजचे पापनाश तेच तीर्थ मानतात. आपण सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जातो ते पापनाश. पुढे बादशहा गाणगापूरला जातो. गुरू त्याला पाहताच ओळख विचारतात, कारण मागच्या जन्मी तो कुरवपूरला श्रीपाद श्रीवल्लभांची, म्हणजे गुरूंच्याच आधीच्या अवताराची, सेवा करणारा परीट होता. अभ्यासकांनी हा बादशहा म्हणजे १४३६ ते १४५८ या काळातला दुसरा अल्लाउद्दीन बहमनी असावा, असे मानले आहे. तो पायाच्या दुखण्याने गेला, असे इतिहासही सांगतो.

या कथेतला बादशहा मुसलमान आहे, आणि पोथी त्याला परका ठरवत नाही. गुरू त्याच्यासोबत बीदरला येतात, नगर शृंगारले जाते. पंधराव्या-सोळाव्या शतकात आपल्या भागातला माणूस आपल्या राजाकडे कसा पाहत होता, त्याचा हा लेखी पुरावा आहे, आणि तो आपल्या देवघरात लाल कापडात बांधून ठेवलेला आहे. याच बीदरच्या राजघराण्यातले म्हणून परंपरा ज्यांना ओळखते ते शहा मुंतोजी पुढे कल्याणच्या सहजानंदांचे शिष्य झाले आणि मराठीत ग्रंथ लिहून गेले. त्यांचा ‘सिद्धसंकेत’ आज इथे किती जणांना ठाऊक आहे? महमूद गावानच्या मदरशाजवळून आपण रोज जातो. १४७२ साली बांधलेल्या त्या वास्तूतल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे सांगतात. हे गाव वाचणाऱ्यांचे गाव होते.

पण पोथीविषयी सगळ्यांचे मत सारखे नाही, आणि ते मला चांगले लक्षण वाटते. एकतिसाव्या आणि बत्तिसाव्या अध्यायात पतिव्रतेचे आणि विधवेचे आचार सांगितले आहेत, सहगमनाची थोरवीही आहे. आमच्या भागातल्या एक शिक्षिका म्हणाल्या, “पारायण मीच करते. ते दोन अध्याय आले की आवाज आपोआप खाली जातो. वाचते, पण मानत नाही.” त्यांच्या सासूबाईंच्या काळी बायकांनी ही पोथी हाती धरू नये, असा दंडक घरात होता, सासूबाईंनी ती आयुष्यभर फक्त ऐकली. म्हणजे त्या घरातली ही पहिली बाई, जी पोथी वाचतेही आणि तिच्याशी भांडतेही. मला वाटते, ग्रंथाचा मान यातच आहे. ज्याच्याशी आपण वाद घालत नाही ते पुस्तक आपण खरे वाचलेलेच नसते. पोथीतही हा बाणा आहे. हिप्परग्याचा नरहरी कवी कल्लेश्वर देवाखेरीज कुणाचीही स्तुती करायला तयार नव्हता, माणसावर कविता करणार नाही म्हणून त्याने गाणगापूरच्या स्वामींनाही नकार दिला होता. त्याचे मत पुढे बदलले, पण नकार पोथीने झाकला नाही.

तरुणांचे वाचन वेगळे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि शिवाजी सावंतांची १९७९ सालची कादंबरी पुन्हा हातोहात फिरू लागली. पुस्तकात संभाजीराजांच्या मनातले जास्त कळते, असे एका महाविद्यालयीन मुलाने मला सांगितले. एवढे जाड मराठी पुस्तक त्याने आयुष्यात पहिल्यांदाच संपवले होते. कादंबरीकार भैरप्पा काही जण कन्नडमध्ये वाचतात आणि त्याच घरातले वडीलधारे उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात. मग जेवताना ‘पर्व’वरून वाद होतो. असे दोन भाषांतले वाचन हे सीमेवरच्या घरांचे भाग्य आहे. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. निजगुण शिवयोगींचा कन्नड ‘विवेकचिंतामणी’ शांतलिंगस्वामींनी सुमारे चारशे वर्षांपूर्वीच मराठीत आणला. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही पुस्तके वाचणारे मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतात: यातली माणसे आमच्यासारखी बोलतात. लिंबाळे यांचे हन्नूर अक्कलकोट तालुक्यातले, गायकवाड यांचे धनेगाव लातूरकडचे. आपली बोली छापलेली पाहिली की माणसाला आपण लिहिण्याजोगे आहोत असे वाटू लागते.

काळजीची गोष्ट एकच, आणि ती मोठी आहे. नव्या पिढीच्या कितीतरी मुलांना घरात मराठी बोलता येते, पण देवनागरीतली मराठी सलग वाचता येत नाही. मराठी शाळा ओस पडत चालल्या आहेत. आजी वाचते तोवर पोथी चालेल; पुढे ती नुसती पूजली जाईल. एप्रिल २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले. ते आपल्या इतक्या जवळ होते की इथून सकाळी निघून रात्री परतता आले. अशी संमेलने पुन्हापुन्हा होणार नाहीत आणि सरकारच्या आदेशाने घरात वाचन सुरू होत नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

म्हणून एक विनंती करतो. यंदा पारायण होईल तेव्हा पन्नासावा अध्याय सगळ्या घराला बसवून सावकाश वाचा. वाचायला मुलाला द्या, अडखळला तर अडखळू द्या. शेजारी कन्नड किंवा उर्दू बोलणारे असतील तर त्यांनाही बोलवा, कारण त्या कथेत त्यांचेही शहर आहे. नंतर प्रत्येकाला विचारा, तुला काय वाटले? घरातल्या बायकांना आधी विचारा. आणि जे उत्तर येईल ते एका वहीत मराठीत लिहून ठेवा, मग ते पोथीच्या विरुद्ध असले तरी.